संगणकाची स्मृती आणि वेगाचा हिशेब

गेल्या काही आठवड्यांत आमच्या मराठी विभागात सर्वाधिक रंगलेली चर्चा एखाद्या नव्या कादंबरीविषयी नव्हती, की बदललेल्या अभ्यासक्रमाविषयीही नव्हती. ती होती संगणकाच्या रॅमविषयी. नंदुरबार जिल्ह्यात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींकडे भिली, पावरी आणि मावची या बोलींतील गीतांची आणि कथांची ध्वनिमुद्रणे साठत चालली आहेत. त्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी, लग्नाच्या मांडवात किंवा होळीच्या रात्री केलेली आहेत. ती ऐकावी, उतरवून घ्यावी, त्यांचा मराठी अर्थ लावावा आणि जपून ठेवावीत, एवढ्यासाठी एक डेस्कटॉप संगणक जोडून घ्यायचे ठरले. हाताशी असलेली रक्कम थोडी होती. दुकानदाराचे कोटेशन आले आणि त्यातील एका आकड्यापाशी आम्ही सारे अडलो : रॅम २६६६ ची घ्यावी, ३२०० ची, की सरळ नवी डीडीआर-५ जातीची ६००० ची?

साहित्याच्या अभ्यासकांनी असल्या प्रश्नात शिरू नये, तो तंत्रज्ञांचा प्रांत आहे, असे म्हणणारे आमच्यातही होते. आमचे मत नेमके उलट आहे. आकड्याचा अर्थ न विचारता तो मान्य करणे ही सवय एकदा जडली, की ती रॅमपुरती राहत नाही. शिवाय या प्रश्नाच्या तळाशी, कशाची आठवण ठेवायची आणि त्यासाठी किती खर्च करायचा, हा आपल्याच प्रांतातील जुना प्रश्न आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम त्या आकड्याचेच पाहू. दुकानात ३२०० हा आकडा मेगाहर्ट्‌झ म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो मेमरीच्या घड्याळाचा वेग नव्हे. डीडीआर या नावातच दुहेरी दराचा उल्लेख आहे : घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला माहितीची देवघेव दोनदा होते. म्हणजे ३२०० च्या रॅमचे घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्‌झने चालते, आणि ३२०० ही सेकंदाला होणाऱ्या देवघेवींची दशलक्षांतील संख्या असते. प्रत्येक देवघेवीत आठ बाइट जातात. त्यामुळे एका मार्गावरून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहू शकते. गंमत अशी की, २००० नंतरच्या दशकात जे संगणक आपल्या महाविद्यालयांत आले, त्यांतील डीडीआर-४०० जातीच्या रॅमवरही ‘पीसी ३२००’ असेच छापलेले असे. तिथला ३२०० म्हणजे सेकंदाला वाहणारे मेगाबाइट. आकडा तोच, पण एकदा तो प्रवाहाची मोजणी सांगतो आणि एकदा देवघेवींची. शब्दार्थ संदर्भाने ठरतो, असे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. दुकानात गेल्यावर मात्र ते विसरतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. प्रवाह किती मोठा, हे एक. आणि विचारल्यावर पहिले उत्तर किती वेळात मिळते, हे दुसरे. रॅमच्या वेष्टनावर ‘सीएल १६’, ‘सीएल २२’ अशी बारीक अक्षरे असतात. मागणी केल्यापासून माहितीचा पहिला थेंब हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. त्याचे वेळेत रूपांतर करणे अगदी सोपे आहे : ठोक्यांची संख्या दोन हजारांनी गुणावी आणि वेष्टनावरच्या वेगाच्या आकड्याने भागावे, म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. तसे केले की चित्र बदलते. २६६६ ची सीएल १९ ची रॅम सुमारे १४.२५ नॅनोसेकंद घेते आणि ३२०० ची सीएल २२ ची रॅम १३.७५. फरक अर्ध्या नॅनोसेकंदाचा. हाच हिशेब मागे नेला तर अधिक नवल वाटते. डीडीआर-४०० जातीची सीएल २ ची चांगली रॅम १० नॅनोसेकंदांत उत्तर देत असे. डीडीआर-४ मधली ३२०० ची सीएल १६ ची रॅम १० नॅनोसेकंदच घेते. आणि आजची डीडीआर-५ मधली ६००० ची सीएल ३० ची रॅम? तीही १० नॅनोसेकंद. वेष्टनावरचा आकडा वीस वर्षांत ४०० वरून ६००० वर, म्हणजे पंधरा पटींनी वाढला. प्रवाह वाढला, यात शंका नाही. पण हाकेला ओ देण्याचा काळ जवळपास जिथल्या तिथे राहिला. इतकेच नव्हे, तर ४८०० ची सीएल ४० ची डीडीआर-५ रॅम सुमारे १६.७ नॅनोसेकंद घेते. म्हणजे या एका बाबतीत ती आपल्या आजोबांहून मंद आहे.

यावरून नवी रॅम निरुपयोगी ठरते, असे कोणी समजू नये. मोठा प्रवाह लागणारी कामे आहेत आणि त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊच. सांगायचे एवढेच की, ‘वेग’ हा एक शब्द इथे दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो आणि जाहिरात त्यातील मोठी दिसणारी तेवढी छापते.

तिसरी गोष्ट म्हणजे वेग एकट्या रॅमच्या हातात नसतो. आमच्याकडे इंटेलच्या दहाव्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर आणि एच-४१० जातीचा मदरबोर्ड आधीपासून होता. तोच वापरून बाकीचे भाग नवे घ्यावेत, हा स्वस्तातला पर्याय होता. या जोडीला मेमरीचा अधिकृत वेग २६६६ पर्यंतच चालतो. त्यात ३२०० ची स्टिक बसवली तर ती मुकाट्याने २६६६ ने चालेल. तोटा काही नाही. ३२०० ची स्टिक स्वस्त मिळाली तर अवश्य घ्यावी. पण तिच्या वेगासाठी जास्त पैसे मोजले तर ते पाण्यात गेले. डीडीआर-५ ची स्टिक तर या बोर्डात बसणारच नाही, तिची खाचच निराळ्या जागी असते. उलट नवीन बोर्ड घेऊन ६००० ची रॅम लावली, तरी बायोसमध्ये जाऊन तिचे ठरावीक प्रोफाइल (इंटेलच्या भाषेत एक्सएमपी, एएमडीच्या भाषेत एक्स्पो) सुरू केल्याशिवाय ती मूळच्या कमी वेगानेच चालत राहते. कितीतरी संगणक घेतल्या दिवसापासून असे अर्ध्या पावलाने चालत असतील आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ता नसेल. तसेच, दोन वेगळ्या वेगांच्या स्टिक शेजारी बसवल्या तर दोघी सावकाश चालणारीच्या चालीने चालतात. संघात राहायचे तर हे ओघानेच आले.

आणि एक साधी गोष्ट कोटेशनमध्ये हमखास हरवते. एकच १६ जीबीची स्टिक बसवली तर माहितीचा एकच मार्ग वापरात येतो. आठ-आठच्या दोन बसवल्या तर दोन मार्ग उघडतात आणि प्रवाह दुप्पट होतो. २६६६ वरून ३२०० वर गेल्याने प्रवाह वीस टक्के वाढतो. एकीच्या दोन केल्याने शंभर टक्के. ‘वेगवान एक’ आणि ‘साध्या दोन’ यांत निवड करायची झाली तर उत्तर स्पष्ट आहे. आमच्या कोटेशनमध्ये मात्र वेगवान एकच होती.

आता आमच्या कामाकडे येतो, कारण कामाचा विचार न करता साधनाची निवड करणे म्हणजे विषय न ठरवता प्रबंधाची पाने मोजणे होय. मुद्रित साहित्याच्या अभ्यासकाला संगणकाकडून फारच थोडे हवे असते. युनिकोडमधील देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेते. दोनशे पानांच्या पुस्तकात तीन लाख चिन्हे धरली तरी सगळे पुस्तक एका मेगाबाइटच्या आत बसते. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा १९८७ चा संग्रह आपल्या भागातील आदिवासी कवितेचा एक महत्त्वाचा टप्पा आहे. तो टंकून ठेवायचा तर वीस वर्षांपूर्वीचा संगणकही पुरेल. मौखिक साहित्याचे तसे नाही. जपणुकीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन बाजूंचा आवाज, हे मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट आणि तासाला एक जीबीहून थोडे अधिक जागा घेते. ज्या गीताचा उतारा दोन पानांत मावतो, त्याचा आवाज पुस्तकांची एक फळी व्यापतो. शंभर तासांचे मुद्रण म्हणजे शंभराहून अधिक जीबी. जुन्या वह्यांचे स्कॅन याहून भारी पडते. ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले की उघडल्यावर ते मेमरीत सुमारे १०४ मेगाबाइट व्यापते. अशी चाळीस पाने एकदम उघडली की चार जीबी संपले.

प्रत्यक्ष कामात हे सारे एकाच वेळी चालू असते. एका खिडकीत नेदरलँड्समधील मॅक्स प्लँक संस्थेने तयार केलेले ‘एलान’ हे ध्वनीला ओळीओळीने उतारा जोडण्याचे सॉफ्टवेअर, दुसरीत आवाज स्वच्छ करण्याचे, तिसरीत वहीचे स्कॅन, चौथीत शब्दसूची आणि सोबतीला ब्राउझर. रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. इथे खरा वेळ जातो. मेमरीपर्यंतची एक प्रत्यक्ष फेरी साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास असते. चांगल्या एसएसडीपर्यंतची त्याच्या सुमारे हजारपट आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपर्यंतची लाखपट. म्हणजे आम्ही अर्ध्या नॅनोसेकंदावर वाद घालत होतो आणि आठ जीबीत काम भागवण्याच्या नादात हजारपटीचा दंड भरायला तयार होतो. काटकसर कुठे करावी हे कळले नाही तर ती उधळपट्टीहून महाग पडते.

म्हणून आमचा क्रम असा आहे : आधी पुरेशी मात्रा, मग जोडीने बसवलेल्या दोन सारख्या स्टिक, मग स्थिरता, आणि सरतेशेवटी वेग.

स्थिरतेविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिचा संबंध आमच्या हवामानाशी आहे. इथे एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशी ओलांडते. संगणकाची खोली बहुधा वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली नाहीतर तापलेल्या स्लॅबखाली असते आणि लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो. आज आपण वापरतो त्या जातीच्या मेमरीची कल्पना रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये आयबीएममध्ये मांडली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून डीडीआर-४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर हीच उजळणी दुप्पट वेळा करावी लागते, कारण उष्णतेने गळती वाढते. एक्सएमपीसारखे प्रोफाइल म्हणजे मेमरीला तिच्या प्रमाणित वेगापलीकडे पळवणे होय. बहुतेकदा ते निर्वेध चालते, पण नेहमीच नाही. आणि मेमरीची चूक नेहमी संगणक बंद पाडूनच प्रकट होते असेही नाही. एखादा बिट उलटतो, फाइलची प्रत काढताना ती चूक प्रतीत उतरते आणि कोणालाच कळत नाही. खेळ खेळणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. ज्या मुद्रणातील गायिका आज हयात नाही, त्याचे बिघडते. म्हणून आमची शिफारस अशी की, अशा संगणकात मेमरी प्रमाणित वेगानेच चालवावी, ‘मेमटेस्ट ८६’ सारख्या मोफत चाचणीवर ती एक रात्रभर तपासावी, जमल्यास ती चाचणी मे महिन्यात पुन्हा करावी आणि वेगासाठी राखलेले पैसे यूपीएसवर घालावेत. लाइट गेली की रॅममधले सर्व काही त्या क्षणी नाहीसे होते; तिथे २६६६ आणि ६००० समान आहेत.

या उजळणीच्या माहितीने आमच्या एका सहकाऱ्याला लगेच मौखिक परंपरा आठवली. गाणेही पुन्हा पुन्हा म्हटले तरच टिकते. म्हणणारा थांबला की विरते. उपमा सुंदर आहे आणि आम्हीही काही काळ तिच्यावर भाळलो. पण उपमेला जरा तपासले पाहिजे. रॅममधली उजळणी जसेच्या तसे राखण्यासाठी असते. एक बिट बदलला तरी तो दोष. गाणारी बाई मात्र प्रत्येक वेळी गाणे थोडे बदलते, नवरीचे गाव घालते, पावसाचे वर्ष घालते, आणि हा बदल हेच त्या परंपरेचे जिवंतपण असते. संगणकाच्या या भागाला ‘स्मृती’ म्हणणे हाच मुळात काहीसा फसवा शब्दप्रयोग आहे. तो कामाचा ओटा आहे. त्यावर सामान मांडायचे, काम झाले की आवरायचे. आठवण राहते ती फडताळात, म्हणजे डिस्कवर. आणि फडताळ एकच असेल तर तीही राहत नाही. ‘स्मृती’ या भारदस्त शब्दामुळे आपण ओट्यावर खर्च करतो आणि फडताळ विसरतो.

आता विरुद्ध बाजू. आमच्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप असा घेतला गेला : आज तुम्ही उतारे हाताने करता, उद्या संगणकच आवाजावरून उतारा करील, तेव्हा हा प्रवाह लागेल. आक्षेप खरा आहे. भाषेची मोठी प्रारूपे स्वतःच्या संगणकावर चालवायची, आणि तीही वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय, तर मेमरीचा प्रवाह हीच मुख्य अडचण ठरते. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर चित्रफितींच्या कामातही वेगवान मेमरीचा लाभ दिसतो. ज्या विभागाचे काम चित्रपटाभ्यासाचे किंवा संगणकीय भाषाविज्ञानाचे आहे, त्याने डीडीआर-५ कडे जरूर पाहावे. पण आमच्या सामग्रीपुरते बोलायचे तर अडचण मेमरीत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ‘व्हिस्पर’ या ध्वनिलेखन प्रणालीच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, भिली नाही. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे ॲप प्रायोगिक रूपात आणले, त्यात संथाली, मुंडारी, गोंडीसोबत भिलीही आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र भिली म्हणजे एकच एक बोली नव्हे. डोंगराच्या दोन बाजूंना ती निराळी ऐकू येते, हे इथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. धडगावकडची पावरी यंत्राला समजायची असेल तर आधी कोणीतरी ती तासन्‌तास ऐकून अचूक उतरवली पाहिजे. तो उतारा करणारी मुलगी इथलीच असेल, तिला मानधन द्यावे लागेल आणि तिचा वेग नॅनोसेकंदांत मोजता येणार नाही. एका मिनिटाच्या गीताला कधी कधी एक तासही पुरत नाही.

इथे आमचा खरा मुद्दा येतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार कार्डे आपल्याच जिल्ह्यातील टेंभली या गावी दिली गेली. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे यांची नोंद सर्वांआधी इथे झाली. ज्यांच्या बोटांचे ठसे इतक्या तातडीने घेतले गेले, त्यांच्या आवाजाची नोंद घेण्याची मात्र कोणालाच घाई नव्हती. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ल भाषांना वाहिलेला भाग १९०७ मध्ये निघाला. त्याचे ऋण आम्ही मानतो. पण त्या सर्वेक्षणात बोलीबोलींतून जो मुख्य नमुना भाषांतरित करून घेतला गेला, तो बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचा होता. भाषेची नोंद झाली, तिच्यातल्या साहित्याची झालीच असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली-भिलोडी भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक नोंदली गेली. तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. त्याच जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आमच्या वर्गातील बहुसंख्य मुलांना घरी येणारे साहित्य आमच्या ग्रंथालयात नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली, तिथली पुष्कळ कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसली. ज्या घाटांची, झाडांची, ओहोळांची नावे त्यांच्या गाण्यांत येतात, त्यांतली काही ठिकाणे आता फक्त गाण्यांतच उरली असतील. ती नावे अचूक लिहून घेण्यासाठी जी म्हातारी माणसे हवीत, ती वेष्टनावरच्या आकड्याची वाट पाहत थांबणार नाहीत.

आकड्यांपुढे मान तुकवण्याची सवय आम्हा अध्यापकांना अनोळखी नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांपासून ‘एपीआय’चे गुण मोजण्यात आमच्या पिढीची किती वर्षे गेली, हे वाचकांना सांगायला नको. किती निबंध, किती परिसंवाद, किती गुण. निबंधात काय होते, ते विचारणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता. रॅमच्या कोटेशनकडे आम्ही पाहिले तेव्हा तोच तक्ता पुन्हा दिसला. मोठा आकडा मंजूर करून घेणे सोपे जाते. त्याचे समर्थन द्यावे लागत नाही. ‘अद्ययावत संगणक’ असे अहवालात लिहिता येते. ‘दोन बाह्य हार्ड डिस्क आणि एका मुलीचे सहा महिन्यांचे मानधन’ हे लिहिले की प्रश्न विचारले जातात. पण साहित्याच्या विभागाने ज्याला प्रश्न विचारले जातात तेच मागावे, अशी आमची धारणा आहे.

जपणुकीबाबत आमच्या पिढीचा एक अनुभव इथे नोंदवणे अगत्याचे आहे. १९९० नंतरच्या काळात आपण असंख्य मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉण्टांत टंकून ठेवले. संगणक त्या वेळच्या मानाने उत्तम होते. आज त्या फाइली उघडल्या की अगम्य चिन्हांची रांग दिसते. फॉण्ट मिळाला किंवा रूपांतर करणारे साधन मिळाले तरच मजकूर परत येतो. तेव्हाही आपण यंत्राचा वेग विचारला होता, मजकूर वीस वर्षांनी वाचता येईल का हे विचारले नव्हते. म्हणून आता ध्वनी साध्या, असंपीडित रूपात, उतारा युनिकोडमध्ये, प्रत्येक फाइलसोबत गाणाऱ्याचे संमतिपत्र, गाव, तारीख आणि बोलीचे नाव, आणि तीन प्रती, त्यांतील एक दुसऱ्या गावी. या चार गोष्टींना मेमरीच्या वेगाचा काडीचाही आधार लागत नाही.

शेवटी आम्ही काय केले, ते सांगतो. जुना प्रोसेसर आणि बोर्ड ठेवला. १६ जीबीच्या दोन सारख्या स्टिक घेतल्या. दुकानात ३२०० च्याच स्वस्त मिळाल्या, त्या २६६६ ने निमूटपणे चालत आहेत. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांच्या मागणीमुळे जगभर मेमरीचे भाव चढले, त्यामुळे याही जोडीला अपेक्षेपेक्षा अधिक मोजावे लागले. तेव्हा नवा बोर्ड आणि डीडीआर-५ यांचा विचार सोडला हे बरेच झाले. उरलेल्या रकमेत एक एसएसडी, दोन बाह्य डिस्क आणि एक यूपीएस आले. मानधनापुरते पैसे मात्र उरले नाहीत. ते आम्ही आपापसांत वर्गणी काढून उभे करीत आहोत आणि पुढच्या मागणीपत्रात तो रकाना पहिला असेल.

दुकानदार सज्जन होता. निघताना म्हणाला, “सर, थोडे अजून टाकले असते तर मशीन पळाले असते.” त्याचे खोटे नव्हते. पण मशीन पळून आम्हाला कुठे जायचे होते? आमच्या इथे एक विद्यार्थिनी कानाला हेडफोन लावून आपल्या आजीच्या आवाजातली एकच ओळ अकराव्यांदा ऐकत बसलेली असते, कारण तिच्यातला एक शब्द तिला ओळखू येत नाही. घरी जाऊन विचारीन, म्हणते. आजी अजून आहे.